पिंपरीच्या टाक्यांतले औषध

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे अखेरचे दुखणे चालू होते. हृदय थकले होते, छातीचा विकार जुनाच होता, त्यात न्यूमोनियाची भर पडली. धाकटे चिरंजीव देवदास यांनी खटपट करून कलकत्त्याहून विमानाने एक नवे औषध आणवले. ते पेनिसिलिन होते. महायुद्ध पेटलेले होते आणि हे औषध प्रामुख्याने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी राखलेले होते. दर काही तासांनी ते टोचावे लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. बापलेकांत त्यावरून बोलणे झाले, पण अखेर गांधीजींचाच शब्द राहिला. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी कस्तुरबा गेल्या.

त्या औषधाने त्या वाचल्या असत्या का, याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच. पेनिसिलिन पुण्यापर्यंत पोहोचले ते रुग्ण कोण होता यामुळे. त्याच दिवसांत मावळातल्या किंवा खेड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात बाळंतज्वराने फणफणणाऱ्या बाईपर्यंत, काटा रुतून पाय सडलेल्या शेतकऱ्यापर्यंत त्याचे नावही गेले नव्हते. पुढच्या अकरा वर्षांत चित्र बदलले. १९५५ मध्ये आगाखान पॅलेसपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पिंपरीत हेच औषध पोलादी टाक्यांत तयार होऊ लागले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की आज डोळ्यांसमोर स्कूटर, ट्रक, मोटारी आणि त्यांचे सुटे भाग येतात. मोटारींचे हे नगर उभे राहण्याआधी इथे एका औषधाचा कारखाना उभा राहिला होता, आणि त्याच्या जोडीला एक प्रयोगशाळा होती. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि यंत्रशास्त्र यांना एका छपराखाली आणण्याचा स्वतंत्र भारतातला हा एक सुरुवातीचा आणि सर्वांत धाडसी प्रयोग. तो कसा उभा राहिला, कशामुळे फुलला आणि कशामुळे सुकला, हे नीट समजून घ्यायला हवे. आरोग्य, ऊर्जा आणि पर्यावरण यांसाठी नवे पदार्थ घडवण्याची भाषा आज आपण पुन्हा बोलू लागलो आहोत, आणि तिचे पहिले धडे पिंपरीत गिरवून झालेले आहेत.

एका शास्त्राचे काम नव्हे

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पेनिसिलिन शोधले, हे आपण शाळेत शिकतो. मात्र त्यानंतर दहा-बारा वर्षे त्याचे औषध होऊ शकले नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. बुरशी जे द्रव्य सोडत होती ते अत्यल्प होते आणि हाताळताना नासत होते. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी हे रोगशास्त्राचे प्राध्यापक, अर्न्स्ट चेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि हाती येईल त्या वस्तूतून उपकरण उभे करणारे नॉर्मन हीटली एकत्र आले, तेव्हा कुठे गाडी हलली. रुग्णालयातल्या बेडपॅनमध्येसुद्धा त्यांनी बुरशी वाढवली. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते औषध टोचले. तो भराभर सुधारू लागला, आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. तो दगावला. औषध लागू पडते हे सिद्ध झाले होते. अडचण उत्पादनाची होती.

ती अडचण सुटली अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या शेतकी प्रयोगशाळेत. मक्यापासून स्टार्च काढताना जे दाट पाणी उरते, त्यात ही बुरशी जोमाने वाढते असे तिथे आढळले. पिओरियाच्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर अधिक सकस बुरशी सापडली. त्या बुरशीवर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून, तिच्यात बदल घडवून, अधिकाधिक औषध देणारे वाण निवडण्यात आले. फ्लेमिंग यांची बुरशी मिलिलिटरमागे जेमतेम दोन एकक पेनिसिलिन देत असे. युद्ध संपेपर्यंत विस्कॉन्सिन विद्यापीठातला वाण हजाराच्या आसपास पोहोचला होता. उथळ भांड्यांच्या जागी हजारो लिटरच्या खोल टाक्या आल्या.

या यशाबरोबर एक नवा प्रश्नही आला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आपले ज्ञान मोकळेपणाने अमेरिकेला दिले होते. उत्पादनाच्या तंत्रावरचे पेटंट मात्र अमेरिकेत घेतले गेले, आणि पुढे ब्रिटनलाच त्या तंत्रासाठी पैसे मोजावे लागले. ज्या देशात मूळ शोध लागला त्याची ही गत, तर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताची काय कथा?

जनरल सोखे यांचा आग्रह

हा प्रश्न ज्यांना फार आधी कळला होता त्यांत मेजर जनरल साहिबसिंग सोखे यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. मूळचे अमृतसरचे, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले हे डॉक्टर १९३२ मध्ये मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्लेगची लस बनवणारी ही संस्था त्यांच्या काळात औषधांच्या संशोधनाकडेही वळली. सल्फा गटातली औषधे प्लेगवर कशी चालतात, याचे महत्त्वाचे काम इथे झाले.  

काँग्रेसने नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीत आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपद सोखे यांच्याकडे होते. औषध ही नफेखोरीची वस्तू नाही आणि ते बनवण्याचे ज्ञान काही थोड्यांच्या मुठीत राहता कामा नये, ही त्यांची ठाम भूमिका होती. हाफकिनमधून निवृत्त झाल्यावर ते जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत गेले आणि तिथे त्यांनी याच विचाराचा पाठपुरावा केला. खासगी कंपन्यांकडून तंत्र विकत घेण्याची बोलणीही त्या काळात चालू होती. पण त्यात अटी असत, गुप्तता असे आणि सुधारित वाण हाती येईलच याची हमी नसे. जागतिक संघटनांच्या मदतीने ज्ञान उघडपणे मिळवावे आणि उघडपणेच पुढे द्यावे, हा दुसरा मार्ग होता.

१९५१ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पाठवायचे आणि भारतीय तंत्रज्ञांना परदेशी प्रशिक्षण द्यायचे, तर जमीन, इमारती आणि चालवण्याची जबाबदारी भारताची. या कारखान्याने औषध बनवण्याखेरीज संशोधन आणि प्रशिक्षणाचे केंद्र म्हणूनही काम करावे आणि इथे मिळालेले तांत्रिक ज्ञान दडवून ठेवू नये, अशी कल्पना त्यामागे होती. उद्योगाच्या इतिहासात अशा भावनेने घातलेले पाये फार थोडे सापडतील.

पवनेकाठची जागा

त्या वेळची पिंपरी म्हणजे पवनेकाठचे शेतीचे गाव. पलीकडे चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आणि देवस्थान, अलीकडे दापोडी-खडकीचा लष्करी मुलूख. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी इथे वसली होती. आजही त्या भागाला पिंपरी कॅम्प म्हणतात. मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही हाताशी, नदीचे पाणी जवळ, आणि पुण्याची हवा मुंबईपेक्षा थंड. तिथून काही किलोमीटरवर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी होती.

या प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी बसवली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. साबण आणि कलिल द्रवांचे अभ्यासक जेम्स मॅकबेन हे तिचे पहिले संचालक. त्यांच्यानंतर आले जॉर्ज फिंच. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत कृत्रिम प्राणवायूच्या जोरावर विक्रमी उंची गाठणारे गिर्यारोहक ते हेच. धातूंच्या पृष्ठभागाचा इलेक्ट्रॉनच्या साहाय्याने अभ्यास करण्यात त्यांचा हातखंडा होता. १९५१ मध्ये या प्रयोगशाळेत उद्योगाला उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह सुरू झाला. म्हणजे पिंपरीत टाक्या उभ्या राहण्याआधीच पाषाणला बुरशी आणि जिवाणू जपणारे, पदार्थांचे गुणधर्म मोजणारे लोक कामाला लागले होते.

१० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. पिंपरीकरांनी मात्र तिचे नाव कधीच पूर्ण घेतले नाही. त्यांच्यासाठी ती एच.ए. कंपनी, तिच्या वसाहतीचे नाव एच.ए. कॉलनी, आणि पुढे पोरे क्रिकेट खेळू लागली ते एच.ए.चे मैदान.

टाकीच्या आत

१९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा आत काय चालत असे, हे समजून घेतले की हा कारखाना इतरांपेक्षा वेगळा का होता ते कळते.

सुरुवात व्हायची चाचणीनळीतल्या बुरशीच्या बीजाणूंपासून. ते आधी काचेच्या चंबूत वाढवायचे, मग छोट्या टाकीत, मग त्याहून मोठ्या. मोठ्या हंडीभर दुधाला लावण्यासाठी विरजण आधी वाटीत, मग पातेल्यात वाढवावे, तसाच हा क्रम. अखेरीस ते मुख्य फर्मेंटरमध्ये जायचे. हा फर्मेंटर म्हणजे कित्येक हजार लिटरची उंच टाकी. आत मक्याचा अर्क, दुधातली साखर, क्षार आणि फिनाइल ॲसिटिक आम्ल. या आम्लाचा तुकडा उचलून बुरशी आपल्याला हवे ते पेनिसिलिन जी बनवते. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचे. वाढती बुरशी स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे नळ्यांतून थंड पाणी सतत खेळवावे लागते. वर येणारा फेस तेलाने दाबायचा. मिश्रण अखंड ढवळायचे. बुरशीला श्वास घ्यायला हवा लागते, म्हणून खालून हवा सोडायची. पण त्या हवेतून एक जरी परका जंतू आत शिरला तर तो पेनिसिलिन फस्त करणारी विकरे सोडतो, आणि पाच-सहा दिवसांची अख्खी बॅच गटारात ओतावी लागते.

इथे शास्त्रांच्या सीमा पुसल्या जातात. हवा गाळणारे माध्यम कशाचे असावे, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न. टाकीचे पोलाद आम्लाने गंजू नये आणि त्यातून सुटलेल्या लोहाने बुरशीची वाढ बिघडू नये, हा धातुशास्त्राचा. पंख्याची पाती किती वेगाने फिरली म्हणजे बुरशीचे धागे न तुटता प्राणवायू सगळीकडे पोहोचेल, हा यंत्रशास्त्राचा. बॅच पिकली की बुरशी गाळून द्रव थंड करायचा, आम्ल घालायचे आणि क्षणाचाही विलंब न लावता सेंद्रिय द्रावकात पेनिसिलिन ओढून घ्यायचे, कारण आम्लात ते झपाट्याने नासते. हा रसायनशास्त्राचा भाग. मग पुन्हा पाण्यात घेऊन स्फटिक करायचे, आणि शेवटी निर्जंतुक खोलीत कुप्या भरायच्या. या साखळीतली एक कडी कच्ची राहिली तर बाकीच्या सगळ्यांचे कष्ट वाया जातात. रात्रपाळीच्या कामगाराने एक झडप वाफेने नीट धुतली नाही, तर जगातला सर्वोत्तम वाणसुद्धा काही कामाचा राहत नाही. म्हणून इथला कामगार निव्वळ यंत्र चालवणारा नव्हता. शेतात वाढलेल्या कितीतरी तरुणांनी इथे निर्जंतुकता म्हणजे काय हे पहिल्यांदा हाताने अनुभवले.

या औषधाचे मोल त्या पिढीने पाहिले. आदिवासी मुलखात मुलांच्या अंगावर व्रण उठवणारा आणि हाडे वाकडी करणारा यॉज हा रोग पेनिसिलिनच्या एका सुईने बरा होत असे. त्याविरुद्ध १९५२ मध्ये देशात मोहीम सुरू झाली, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे जाहीर केले. सांधेतापाने लहान मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी होऊ नयेत म्हणून आजही ठरावीक अंतराने पेनिसिलिनच टोचतात.

मातीतून नवे औषध

परक्यांनी शोधलेले औषध बनवणे ही पहिली पायरी. पिंपरी दुसरी पायरीही चढली, आणि तिथेच या कारखान्याचे खरे मोठेपण आहे.

एच.ए.च्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार हे कर्नाटकातले बुरशीशास्त्रज्ञ होते. पिकांवरच्या तांबेऱ्याचा आणि काणीचा अभ्यास करत ते मोठे झालेले. मातीचे नमुने घ्यायचे, त्यातले सूक्ष्मजीव वेगळे करायचे, त्यातला कोणता दुसऱ्याला मारतो ते पाहायचे, अशी चिकाटीची मोहीम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवली. १९६१ च्या सुमारास त्यातून हॅमायसिन हाती आले. हे बुरशीजन्य रोगांवरचे प्रतिजैविक. ज्या जिवाणूने ते दिले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे ठेवले गेले. भारतात शोधलेले आणि भारतात उत्पादनापर्यंत नेलेले हे पहिले प्रतिजैविक मानले जाते. कँडिडा बुरशीच्या संसर्गावर ते वापरात आले, आणि ब्लास्टोमायकोसिस या रोगावर अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही त्याच्या चाचण्या घेतल्या.

त्यापाठोपाठ डर्मोस्टॅटिन आले, अँटिअमीबिन आले आणि ऑरिओफंगिन आले. ऑरिओफंगिनची गोष्ट मला विशेष वाटते. ते मुख्यतः रुग्णालयासाठी नव्हतेच, शेतासाठी होते. पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांवर त्याचे प्रयोग झाले. दक्षिणेत नारळाच्या बुंध्याला जडणाऱ्या तंजावर रोगावर मोरचुदाबरोबर ऑरिओफंगिनचे द्रावण मुळावाटे देण्याची शिफारस शेती विद्यापीठांनी केली. पिकांच्या रोगांवर हयात घालवलेल्या माणसाला औषधाच्या कारखान्यात जागा मिळाली, म्हणून माणसाचे आणि झाडाचे औषध एकाच छपराखाली शोधले गेले. विद्याशाखांच्या भिंती पाडल्या की काय घडते याचा याहून चांगला दाखला आपल्याकडे शोधावा लागेल.

१९५८ पासून ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे संशोधनपत्र पिंपरीहून निघू लागले. आपल्या कारखान्यातले शोध जगाला सांगणारे नियतकालिक एका सरकारी औषध कारखान्याने चालवावे, यात १९५१ च्या करारातली मोकळी वृत्ती दिसते.

ज्ञानाचे दोन रस्ते

पण त्याच सुमारास दुसरा रस्ताही धरला गेला. क्षयाने देश पोखरला होता आणि त्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन परदेशातून येत होते. ते बनवण्यासाठी एच.ए.ने १९५८ मध्ये अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार केला, आणि १९६२ मध्ये पिंपरीत स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन सुरू झाले. औषध लवकर मिळाले, तंत्र तयार मिळाले, हा लाभ खराच. परंतु विकत घेतलेल्या तंत्राचा स्वभाव वेगळा असतो. त्यात काय करायचे ते लिहिलेले असते, का करायचे ते आपण शोधायचे असते. सोखे यांच्यासारख्यांना ज्याची काळजी वाटत होती ती हीच गोष्ट. पुढे ऋषिकेशला सोव्हिएत मदतीने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्सचा प्रतिजैविकांचा कारखाना निघाला. एका दशकात भारताने संयुक्त राष्ट्रे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ अशा तिन्ही वाटा चोखाळून पाहिल्या.

दरम्यान पिंपरीभोवतीचे जग बदलत होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीत त्याच्या वसाहती पसरल्या. आकुर्डीला बजाज, पिंपरीत टेल्को अशी मोठी नावे आली. त्यांच्या मागे शेकडो लघुउद्योग आले. मराठवाडा, विदर्भ, कोकण, खानदेशातून माणसे आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. ज्या गावात एच.ए.चा भोंगा दिवसाची वेळ सांगत असे, तिथे आता भोंग्यांची गर्दी झाली.

विज्ञानही थांबले नव्हते. साध्या पेनिसिलिनला जंतू दाद देईनासे झाले, तसे त्याचा गाभा वेगळा काढून त्याला नव्या रासायनिक शेपट्या जोडण्याचे तंत्र जगभर आले. ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन अशीच जन्मली. हा गाभा सुटा करण्यासाठी घातक रसायनांऐवजी पेनिसिलिन ॲसायलेज हे विकर वापरता येते. विकर महाग असते आणि एकदा वापरून ते द्रवाबरोबर वाहून जाते. त्यावर उपाय म्हणजे त्याला एखाद्या बहुलकाच्या किंवा जिलेटिनसारख्या आधारावर पक्के बसवायचे, म्हणजे तेच विकर पुन्हा पुन्हा कामाला येते. आधार किती सच्छिद्र हवा, किती कणखर हवा, विकराला किती घट्ट धरावे की ते मरणार नाही, हा सगळा अस्सल पदार्थविज्ञानाचा विषय. आणि यात द्रावके वाचतात, विषारी सांडपाणी घटते, म्हणजे तो पर्यावरणाचाही विषय. या विकरांवर पिंपरीत एच.ए.चे संशोधक आणि पाषाणला रासायनिक प्रयोगशाळेचे संशोधक, दोघेही काम करत होते. १९९९ मध्ये पेनिसिलिन व्ही ॲसायलेजची त्रिमिती रचना उलगडली गेली, तीही पाषाणच्या सी. जी. सुरेश आणि सहकाऱ्यांनी, ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या साथीने.

टाक्या थंड पडल्या

मात्र तोवर पिंपरीचा कारखाना आजारी पडला होता. १९९७ मध्ये तो आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेला. त्यानंतर पुनर्वसनाच्या योजना आल्या आणि विरल्या. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जादा जमीन विकून देणी फेडण्याचा आणि पुढे कंपनीच विकण्याचा निर्णय घेतला. २०१९ मध्ये थकलेल्या पगारांसाठी आणि इतर देण्यांसाठी केंद्राने कर्ज मंजूर केले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे प्राण वाचवणारी वस्तू बनवली, त्यांना स्वतःच्या पगारासाठी हात पसरावे लागले, ही गोष्ट मनाला लागते.

याचे खापर नुसते ‘सरकारी कारखाना’ या दोन शब्दांवर फोडणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. १९९१ नंतर आयात खुली झाली आणि चीनमधून पेनिसिलिन इथल्या उत्पादनखर्चाहून कमी भावात येऊ लागले. त्यापुढे खासगी कारखानेही टिकले नाहीत. देशातले पेनिसिलिन जीचे उत्पादन एकापाठोपाठ एक बंद पडत गेले. बुरशीच्या धंद्यात स्पर्धा भावाची दिसते, पण असते वाणाची. ज्याचा वाण दरसाल थोडा अधिक देतो, ज्याच्या टाकीत वीज थोडी कमी लागते, तो जिंकतो. पिओरियाच्या खरबुजापासून ही शर्यत कधी थांबलेलीच नाही. त्यात टिकायचे तर संशोधनावर दरवर्षी, नफा असो की तोटा, पैसा घालावा लागतो. हॅमायसिनच्या काळात पिंपरीत तो घातला जात होता. पुढे जुन्या यंत्रांची डागडुजी आणि थकलेली देणी यांतच सारी ताकद गेली. संशोधनाला आधी कात्री लागली आणि कारखाना नंतर बसला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याची किंमत देशाला करोनाच्या साथीत कळली. प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी आपण एकाच देशावर किती विसंबून आहोत हे २०२० मध्ये उघडे पडले. त्याच वर्षी केंद्राने औषधांच्या मूळ घटकांसाठी उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली. पेनिसिलिन जीचा मोठा कारखाना पुन्हा उभा राहिला, पण आंध्र प्रदेशात काकीनाड्याकडे, २०२४ मध्ये आणि खासगी क्षेत्रात. जे ज्ञान पिंपरीत सत्तर वर्षांपूर्वी रुजले होते, ते देशाला जवळजवळ पहिल्यापासून गोळा करावे लागले.

पुढच्या टाक्यांसाठी

आज या पट्ट्यात नव्या पदार्थांची दुसरी फेरी सुरू आहे. पाषाणची रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून हायड्रोजनवर चालणारा इंधन घट तयार केला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर मोटार चालवून पाहिली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात त्यावरच्या बसचे अनावरण झाले. या घटाचा प्राण म्हणजे बहुलकाचा एक पातळ पडदा. तो प्रोटॉनला वाट देतो आणि वायूंना अडवतो. त्यालाही बहुलकाचा रसायनशास्त्रज्ञ लागतो, उत्प्रेरकाचा जाणकार लागतो, प्रवाहाचे गणित मांडणारा लागतो आणि पत्रा दाबणारा कारागीर लागतो. चाकण आणि भोसरीत असे कारागीर पिढ्यान्पिढ्या तयार झाले आहेत. आरोग्याच्या जागी आता ऊर्जा आली, बुरशीच्या जागी पडदा आला. शास्त्रांची गरज तशीच आहे, आणि धोकेही तेच आहेत.

पिंपरीने शिकवलेल्या गोष्टी स्पष्ट आहेत. नवा पदार्थ एका विद्याशाखेत जन्मत नाही, म्हणून प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यात रोजची ये-जा हवी. तंत्र विकत घेता येते, पण ते सुधारण्याची ताकद विकत मिळत नाही. ती घरात, सलग आणि सबुरीने वाढवावी लागते. सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान दडवले नाही तर ते अधिक फळते. बुलेटिनचे अंक त्याची साक्ष देतात. आणि संशोधनाचा खर्च हा सुबत्तेतला दागिना नाही, पहिली कात्री तिथे लावली तर दुसरी कात्री आपोआप उत्पादनाला लागते.

हे धडे जपायचे तर आधी त्यांचा पुरावा जपला पाहिजे. बुलेटिनचे जुने अंक, संशोधनाच्या नोंदवह्या, वाणांचा संग्रह, जुने फर्मेंटर यांची मोजदाद जमिनीचे तुकडे पडण्याआधी व्हायला हवी. रात्रपाळीत झडपा वाफेने धुणारे, बॅच वाचवण्यासाठी धावणारे, मातीच्या नमुन्यांतून औषध शोधणारे कितीतरी लोक आजही या शहरात राहतात. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून घेण्याचे काम महापालिका, विद्यापीठ आणि रासायनिक प्रयोगशाळा यांनी मिळून हाती घ्यावे. चिंचवडला महापालिकेचे सायन्स पार्क आहेच. तिथे विज्ञान शिकायला येणाऱ्या मुलांना एच.ए.ची एक टाकी उघडून दाखवावी, आणि आपल्या शहराने एकेकाळी देशाला कोणते औषध दिले, ते कोणकोणत्या माणसांच्या मेळाने दिले, हे सविस्तर सांगावे. हायड्रोजनचा घट असो, पाण्याचा गाळणी-पडदा असो की उद्याचे एखादे प्रतिजैविक, ते बनवणारे संशोधक आणि कामगार याच मुलांतून येणार आहेत.